मेलेला उमेदवार आणि आमची जिवंत आत्या



उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या माकणीच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पुण्याची भाचरे, सोलापूरची नातवंडे, गल्लीतली चार-दोन, अशी दहा-बारा डोकी सकाळपासून अंगणात असतात. एप्रिल-मेचे ऊन आणि सावली एकट्या लिंबाची. धरणाकडे जायचे नाही ही घरची सक्त ताकीद. तेरणेचे पाणी वरून शांत दिसते, पण गाळात पाय गेला की निघत नाही. मग दुपारी पोरांना गुंतवायचे कशात? टीव्हीत. हे लिहिताना आम्हाला थोडी लाज वाटते, कारण टीव्हीविरुद्ध आम्ही चारचौघांत पुष्कळ तोंड वाजवलेले आहे. पण बारा पोरे आणि एक दुपार यांच्यापुढे भल्याभल्यांची तत्त्वे वाकतात.

२०२४ च्या मे महिन्यात या पोरांनी लागोपाठ दोन दिवस दोन चित्रपट पाहिले. पहिला 'भूतनाथ', दुसरा 'भूतनाथ रिटर्न्स'. आणि त्याच आठवड्यात, ७ मे रोजी, आमच्याकडे लोकसभेचे मतदान झाले. मतदारसंघाचे नाव उस्मानाबाद. जिल्हा धाराशिव झाला तरी मतदारसंघाची पाटी जुनीच राहिली. चित्रपट आणि मतदान या दोन गोष्टी आमच्या घरात एकमेकींत अशा अडकल्या की अजून सुटलेल्या नाहीत.

आधी पहिल्या चित्रपटाची गोष्ट. हा २००८ सालचा, विवेक शर्मा यांनी दिग्दर्शित केलेला. गोव्यातला एक जुना बंगला. बंकू नावाचा मुलगा आईबरोबर तिथे राहायला येतो. बाप बोटीवर नोकरीला. बंगल्यात एका म्हाताऱ्याचे भूत आहे, ते अमिताभ बच्चन. भूत पोराला घाबरवायला जाते, पोरगा घाबरत नाही, आणि दोघांची दोस्ती होते. म्हाताऱ्याचा मुलगा परदेशात जाऊन बसलेला, बापाचे दुःख त्याला कळले नाही, अशी ती हकीकत. घर चांगले, समुद्र चांगला, आई जुही चावला, बाप शाहरुख खान. पोरे हसली. आमची थोरली वहिनी डोळे पुसत होती. पोरगा परदेशी गेला की म्हाताऱ्याचे काय होते हे तिला ठाऊक आहे. तिचा परदेशी गेलेला नाही, चाकणला गेलेला आहे, पण वर्षातून येतो तितकाच.

या चित्रपटाबद्दल आमची एक तक्रार आहे आणि ती आम्ही त्याच दिवशी पोरांपुढे मांडली. शेवटी भुताला सोडवायचे कसे, तर मुलाने येऊन श्राद्ध घालायचे. आपल्या घरात श्राद्ध नाही, पिंड नाही. बावीस प्रतिज्ञांत ते स्पष्ट आहे आणि आमच्या वडिलांच्या मागे आम्ही ते केलेले नाही. पुण्याच्या भाचीने विचारले, "मग आबा भूत झाले का?" दहा वर्षांची पोर. आम्ही सांगितले की भूत नसते, हा खेळ आहे, पडद्यावर बाहुल्या बोलतात तसा. ती म्हणाली, "मग श्राद्धाचं पण खोटंच दाखवलं का?" हो, म्हटले, तेही. एवढ्यावर तिचे समाधान झाले. पोरांचे समाधान लवकर होते, मोठ्यांनाच वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी दुसरा भाग लावला. आता पोरांच्या चित्रपटाचा दुसरा भाग म्हणजे काय असते ते आपल्याला माहीत आहे. पहिल्यात जे चालले तेच पुन्हा, थोडे जास्त तिखटमीठ घालून. पोरगा तोच, भूत तेच, बंगल्याऐवजी हॉटेल. आमचीही तीच अपेक्षा होती. पण २०१४ साली नितेश तिवारी यांनी जो दुसरा भाग काढला त्यात गोवा नाही, समुद्र नाही, बंकू नाही. भूत येते ते थेट मुंबईच्या धारावीत.

त्याचे कारणही मजेशीर. भुतांच्या राज्यात या भूतनाथाची चेष्टा होते की एका लेकराला याला घाबरवता आले नाही, भुतांचे नाक कापले. पुढचा जन्म मिळायलाही तिथे भली मोठी रांग. आमच्या आत्याने विचारले, "तिथंबी लाईन?" तर नाक राखण्यासाठी तो पोरांना घाबरवायला पुन्हा खाली येतो आणि त्याला भेटतो अखरोट. हा धारावीचा पोरगा. आई आणि तो. हाही घाबरत नाही, पण बंकू घाबरला नाही त्याचे कारण वेगळे आणि अखरोटचे वेगळे. बंकू लाडात वाढलेला होता. अखरोटने भुताहून भयंकर गोष्टी रोज पाहिलेल्या आहेत.

अखरोटचे काम केले आहे पार्थ भालेराव या मराठी मुलाने. त्याच सुमारास त्याचा 'किल्ला' हा चित्रपट आला होता आणि या दोन्ही कामांसाठी ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. अखरोटची आई झाली आहे उषा जाधव. कोल्हापूरची ही अभिनेत्री, 'धग' चित्रपटासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. ती पडद्यावर आली तेव्हा आमच्या घरातल्या बाया एकदम सरसावून बसल्या. ही आपल्यातली दिसते, असे कुणीतरी म्हणाले. पहिल्या भागातली आई सुंदर होती, ही दमलेली होती.

पुढे काय होते, तर हे दोघे मिळून एक धंदा काढतात. ज्या इमारतीत भुते त्रास देतात तिथली भुते बोलून-समजावून घालवायची आणि पैसे घ्यायचे. भुतांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता, त्यांची राहिलेली कामे करता करता त्यांच्या लक्षात येते की हातावर काही ठेवल्याशिवाय या शहरात एक कागद हलत नाही, आणि सगळे धागे जाऊन पोचतात एका पुढाऱ्यापाशी. त्याचे नाव भाऊ. बोमन इराणी यांनी हा भाऊ असा केला आहे की आमच्या भागातले दोन-तीन चेहरे आम्हाला आठवले. नावे अर्थातच घेत नाही.

मग भूत निवडणुकीला उभे राहते.

पोरांच्या चित्रपटात हे कुणी घालेल असे आम्हाला स्वप्नातही वाटले नसते. कायद्यात मेलेल्या माणसाने उभे राहू नये असे कुठे लिहिले आहे, असा मुद्दा एक वकील काढतो. हा वकील संजय मिश्रा. तुरुंगातला माणूस उभा राहू शकतो, तर हा का नाही? पोरांना यातले अर्धे कळले असेल. पण आत्या हसून हसून खोकायला लागली.

ही आमची वडिलांची बहीण. वय सत्तरीच्या पुढे, नेमके कुणालाच माहीत नाही. आधार कार्डावर १ जानेवारी आहे. आमच्या गावात शाळेत गेलेल्यांचा जन्म १ जूनचा आणि न गेलेल्यांचा १ जानेवारीचा. ऊसतोडीला गेली, रोजगार हमीवर खडी फोडली, १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पडत्या माळवदाखालून धाकट्या दिराला ओढून काढले. दोन दिवसांपूर्वी, ७ मे रोजी, ती सकाळीच नऊवारी नेसून, ओळखपत्र कनवटीला लावून शाळेतल्या केंद्रावर गेली होती. यादीत तिच्या नावावर काट मारलेली. कारण काय, तर मयत.

गावात तिच्याच नावाची दुसरी एक बाई वारली होती. काट मारणाऱ्याने ती हिच्या नावावर मारली. यादी ज्या कचेरीत तयार झाली तिचे नाव आम्ही इथे घेत नाही, कारण चूक एका हाताची असते आणि शिव्या सगळ्या टेबलांना पडतात. केंद्रावरचा अधिकारी भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, आणि समजावून सांगितले की ओळखपत्र असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. हा नियमच आहे. आत्याने त्याला इतकेच विचारले, "मग ही खुर्चीवर बसलीया ती कोण?"

तर ती पडद्यापुढे बसून म्हणाली, "ह्यो मरून उभा राहिलाय आन् मी जित्ती असून बाद झाले." पोरे हसली. आम्हाला हसू आले नाही.

वाचकहो, ही गोष्ट चित्रपटाहून जुनी आहे. उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यात लाल बिहारी नावाचे एक विणकर. १९७० च्या दशकात नातेवाइकाने लाच देऊन त्यांना कागदावर मृत दाखवले आणि जमीन घेतली. या माणसाने आपल्या नावापुढे 'मृतक' लावले, कागदावर मेलेल्या लोकांची संघटना काढली, आणि आपण जिवंत आहोत हे दाखवण्यासाठी निवडणुकीचे अर्ज भरले. १९८९ साली अमेठीत राजीव गांधींच्या विरुद्ध ते उभे राहिले. १९९४ साली सरकारने त्यांना पुन्हा जिवंत केले. त्यांच्यावर 'कागज' नावाचा चित्रपट २०२१ साली आला, पंकज त्रिपाठी त्यात होते. म्हणजे भारतात मेलेला माणूस निवडणुकीला उभा राहण्याची कल्पना मुंबईच्या लेखकांना सुचण्याच्या पंचवीस वर्षे आधी एका गरीब विणकराने ती करून दाखवली होती.

आणि यादीतून बायका गळण्याचे प्रकरण तर पहिल्या निवडणुकीपासूनचे. १९५१-५२ साली सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. तेव्हा सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. आमच्या भागाला तर मताची ओळखच उशिरा झाली. उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले आणि १९५२ मध्ये आमच्या आजीने पहिले मत दिले. तिकडे बाबासाहेबांनी १९१९ सालीच साउथबरो कमिटीपुढे मताचा हक्क मागितला होता. ज्याला सारा भरायला जमीन नाही त्यालाही मत हवे हे सांगायला त्यांना पुढची तीस वर्षे लागली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत ते म्हणाले की राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच किंमत मिळेल, पण समाजात ती समता असणार नाही, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. आणि हे सगळे मिळवून देणारा माणूस १९५२ मध्ये मुंबईत स्वतः निवडणुकीत पडला, १९५४ मध्ये भंडाऱ्यात पुन्हा पडला. आमच्या आजीला हे आयुष्यभर समजले नाही. आम्हाला ते समजले आहे असे सांगण्याचे धाडस होत नाही.

चित्रपटाकडे परत येऊ. तो लागला ११ एप्रिल २०१४ रोजी. त्या वर्षीच्या लोकसभेचे मतदान आमच्याकडे १७ एप्रिलला होते आणि मुंबईत २४ एप्रिलला. म्हणजे ऐन प्रचारात, भोंगे चालू असताना, पोरांच्या चित्रपटात भूत सांगत होते की मत द्यायला बाहेर पडा. धाडस म्हणायचे ते हेच. पोरांचा चित्रपट काढणारा माणूस सहसा राजकारणाला हात लावत नाही, कारण आईबाप चिडतात आणि पैसे बुडतात.

बुडण्याचा धोका कसा असतो याचे एक परदेशी उदाहरण सांगतो. १९९५ साली 'बेब' नावाचा चित्रपट आला होता, ऑस्ट्रेलियातला. डुकराचे पिल्लू मेंढरे राखायला शिकते अशी ती गोड कथा. सात ऑस्कर नामांकने मिळाली, एक ऑस्कर मिळाले. १९९८ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी ते पिल्लू शेतातून उचलून शहरात नेले. मालक विहिरीत पडून जायबंदी, शेतावर बँकेची टाच, म्हणून मालकीण पिलाला घेऊन निघते. विमानतळावर खोट्या संशयावरून तिची झडती होते. शहरात जनावराला कुणी जागा देत नाही, एकच हॉटेल चोरून ठेवून घेते. एक कुत्रा पिलाच्या जिवावर उठतो, आणि पळापळीत तोच पुलावरून साखळीला लटकतो, डोके पाण्यात. बाकीची जनावरे काठावर उभी राहून बघतात. ज्याला तो मारायला निघाला होता ते पिल्लूच पाण्यात उतरून त्याला वाचवते. तिकडच्या आईबापांना हे फार काळे वाटले. चित्रपट पडला, काही दिवसांतच त्या स्टुडिओच्या प्रमुखाने राजीनामा दिला. आणि त्याच वेळी शिकागोचे नावाजलेले समीक्षक जीन सिस्केल यांनी तोच वर्षातला सर्वांत चांगला चित्रपट म्हणून निवडला. 'फँड्री' पाहिलेल्या आपल्या पोरांना डुकराच्या पिलाची ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गाव सुटले, शहरात जागा नाही, संशय मात्र पहिल्यांदा आपल्यावर, हे भिवंडी-पिंपरीला गेलेल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा.

मराठीतही पोरांच्या चित्रपटाचा दुसरा भाग निघाला, 'नाळ'चा. पहिला २०१८ चा, दुसरा २०२३ च्या दिवाळीतला, दोन्ही सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे. दुसऱ्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाला, आणि त्यातल्या तिन्ही पोरांना बालकलाकाराचा. तोही आमच्या घरी पाहिला गेला. त्यावर पुढे कधीतरी सवडीने लिहू, तो वेगळ्या जातीचा चित्रपट आहे, आत दुखावणारा.

'भूतनाथ रिटर्न्स' बाहेरून मारतो. शेवटाकडे भाऊच्या माणसांची दहशत अखरोटवर येते. पोरगा जबर जखमी होतो, दवाखान्यात मरणाच्या दारात पडतो, बाहेर आई उभी. या ठिकाणी आमच्या घरातली सगळ्यांत धाकटी, साडेपाच वर्षांची, उठून चुलीपाशी जाऊन बसली आणि परत आलीच नाही. गल्लीतल्या एका मुलाची आई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. म्हणाली, "काय दावलं ओ पोराला? रातभर झोपला न्हाई." आम्ही विचारले, भुताला भ्याला का? ती म्हणाली, "भुताला कशाला भितोय, त्या गुंडाला भ्यालाय. आमच्या दाराशी बी येतील म्हणतोय."

आता याचे उत्तर काय द्यायचे? त्या बाईच्या दाराशी खरोखरच माणसे येऊन गेलेली होती. मतदानाच्या आदल्या रात्री येतात तशी. पाकीट घ्या म्हणाली, हिने घेतले नाही, तेव्हा काय बोलली ते पोराने गोधडीतून ऐकले होते. चित्रपटाने त्याला नवीन भीती दिली नाही. असलेली भीती बाहेर काढली. तरीही ती बाई चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईला रात्रीची झोप लागते, आणि पोर दचकून उठले की तीही उठते. आम्ही तिची माफी मागितली.

आमचे मत विचाराल तर सहा वर्षांच्या आतल्यांना हा दुसरा भाग दाखवू नये. आम्ही दाखवला ते चुकले. सरकारनेही २०२४ पासून 'यूए' प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले आहेत, ते पोस्टरवर बघून घेत जा. त्याच्या वरच्यांना जरूर दाखवावा, पण शेजारी बसून. स्वयंपाकघरातून कान देऊन चालत नाही. पोर ज्या क्षणी तुमच्याकडे वळून बघते त्या क्षणी तुमचे तोंड त्याला दिसले पाहिजे.

आणि एक गोष्ट आम्हाला खटकली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. धारावी दाखवली, ठीक. तिथले नळ, गल्ल्या, कचेरीतले हेलपाटे दाखवले, तेही ठीक. पण उभे कोण राहते? गोव्यात बंगला असलेला श्रीमंत म्हातारा, तोही मेलेला. धारावीत काय उभे राहायला माणूस नव्हता? धारावी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथल्या चामड्याच्या कामात, कुंभारवाड्यात, शिलाईच्या कारखान्यांत राबणाऱ्या लाखो लोकांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, माणसे निवडून दिली आणि पाडलीही. चित्रपटात ते सगळे टाळ्या वाजवणारी गर्दी होऊन उभे आहेत. आमच्या थोरल्या भाच्याने हे बरोबर पकडले. तो बारावीला आहे. म्हणाला, "मामा, अखरोटची आई का नाही उभी राहिली?" लोकसभेला अनामत पंचवीस हजार, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला साडेबारा हजार, एवढे तिने कुठून आणायचे, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "भुतं पकडून कमावलेच होते की." यावर आम्ही गप्प बसलो. आमचा उमरगा मतदारसंघही राखीव आहे, आणि राखीव असून काय होते नि काय होत नाही ते आम्ही रोज बघतो, पण तो विषय एका लेखात मावणारा नाही.

चित्रपटात भूत लोकांना रागावते की तुम्ही मत देत नाही. आमच्या वस्तीला हे रागावणे लागू नाही. आमच्याकडे ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली जोडपी मतदानासाठी रात्रभर टेम्पोत उभी राहून येतात. मत देत नाहीत ते वरच्या मजल्यावरचे. पण चित्रपट बघणाऱ्या सगळ्यांना एकाच छडीने हाकले की असे होते.

त्याच संध्याकाळी भाच्याने मोबाइल काढला. आत्याला ओट्यावर बसवले, भिंतीच्या पांढऱ्या भागापुढे तिचा फोटो घेतला आणि नाव पुन्हा घालण्यासाठीचा अर्ज, नमुना सहा, भरायला घेतला. पोरे भोवती गोळा झाली. एकेक रकाना मोठ्याने वाचला जात होता. नाव. वडिलांचे किंवा पतीचे नाव. इथे आत्या अडली. म्हणाली, नवऱ्याचे घाल. मग म्हणाली, नको, बापाचे घाल, तोच मला शाळेत घालणार होता. भाच्याने बापाचे घातले. जन्मतारखेला पुन्हा १ जानेवारी. भाचीने विचारले की यात मी मेलेली नाही असे कुठे लिहायचे. तसा रकाना त्यात नाही.

अर्जाचे पुढे काय झाले ते सांगायला फार नाही. गावातली ती बीएलओ बाई, अंगणवाडीचे काम सांभाळून यादीचे काम करणारी, दोनदा घरी येऊन गेली. एकदा आत्या शेतात होती, म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी आत्याने तिला चहा पाजला आणि विचारले, "मी जित्ती दिसते का?" ती बिचारी ओशाळली. चूक तिची नव्हती.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते. आत्या सातच्या आत रांगेत. आम्ही तिच्या मागे, मनात धाकधूक. यादीवरून बोट फिरवणारा कर्मचारी दोनदा खाली-वर गेला, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. मग त्याने नाव मोठ्याने वाचले, बापाच्या नावासकट. आत्याने "हाय" म्हणून एवढ्या जोरात सांगितले की बाहेरच्या रांगेतली माणसे हसली.

घरी आल्यावर तिने डाव्या हाताच्या बोटावरची शाई आम्हाला दाखवली नाही. पुण्याला फोन लावून दे म्हणाली. भाचा कॉलेजात होता, धाकटीने उचलला. आत्या फोन दोन्ही हातांत धरून ओरडत होती, कारण लांब बोलायचे तर मोठ्याने बोलावे लागते असे तिला वाटते. "झालं बग माझं! आन् त्यो तुजा अखरोट, त्यो नीट झाला का गं शेवटाला? मला झोप लागली हुती तवा." धाकटीने, जी स्वतः चुलीपाशी जाऊन बसली होती, तिला सांगितले की हो, नीट झाला, मी दादाला विचारलेय.